सव्वा एकतीस मिलिमीटर

सोनटक्के काका कुठलीही वस्तू हात पाठीमागे बांधून बघायचे. विमानाचं मॉडेल असो, इंडियन ग्रोसरीतली भेंडी असो, नाहीतर मुलीनं नवीन घेतलेली गाडी असो. उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरायचं, कमरेत वाकायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि बघत राहायचं. मॉडेलच्या स्पर्धेत परीक्षकानं मॉडेलला हात लावायचा नाही असा नियमच असतो. पण बाकीचे परीक्षक घरी गेल्यावर माणसासारखे वागायचे, काकांचा नियम चोवीस तास चालू असायचा. कुणी काही हातात द्यायला गेलं की म्हणायचे, "हात मागं, डोळे पुढं. ठेव तिथं."

मला त्या सवयीचा पहिल्या दिवसापासून राग होता. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. ते बोटांत धागा धरून सूत कसलं आहे ते सांगायचे. मी मेलबर्नच्या क्लेटन भागात विद्यार्थी म्हणून आलो, गाड्या धुतल्या, भाजीमार्केटात पेट्या उचलल्या आणि कुणाच्याही उपकाराशिवाय स्वतःचं दुकान काढलं. प्लास्टिकच्या किटांचं, म्हणजे विमानं, रणगाडे, जहाजं जोडून रंगवायची त्यांचं. दाबून, उचलून, उलटंसुलटं करून पाहिल्याशिवाय मी आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही. लांबून बघणारा माणूस माझ्या हिशेबी एकतर पोलीस असतो, नाहीतर शिष्ट.

पहिली भेट माझ्या दुकानातच झाली. काउंटरवर एक तयार जेट विमान ठेवलेलं होतं आणि एक ऑस्ट्रेलियन गिऱ्हाईक ते घ्यायच्या बेतात होतं. मागे एक बुटका, सावळा म्हातारा हात बांधून वाकला होता. मी फोनवर मराठीत बोललो ते त्यानं ऐकलं असावं, कारण फोन ठेवताच तो मला म्हणाला, "हे ज्यानं बनवलं ना शेठ, त्यानं विमान उडताना पाह्यलं असन. उभं पाह्यलं नाही."

"म्हणजे?"

"चाकं पहा ना. फुग्यावानी गोल. अबे, वर टनावारी वजन आहे, टायर खाली दबते का नाही?"

गिऱ्हाईकानं विचारलं, काय म्हणतायत हे? मी म्हणालो, त्यांना फार आवडलं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि हवाई दलातल्या जुन्या, इस्त्री केलेल्या इंग्रजीत त्याला टायरपासून शेपटीपर्यंत सगळं समजावून दिलं. गिऱ्हाईकानं विमान खाली ठेवलं, काकांचे आभार मानले आणि गेलं. मी भडकलो. "काका, माझ्या दुकानात येऊन माझंच गिऱ्हाईक तोडता?"

"त्यानं इचारलं, मी सांगितलं. तू इचारलं असतं तं तुलेही सांगितलं असतं."

काका नागपूरचे. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचं इंजिन सोडून बाकी सगळं अंग ज्याच्या ताब्यात असतं तो. उमेदीची वर्षं त्यांनी नॅट नावाच्या लढाऊ जेटवर काढली. नॅट अगदी छोटं विमान, शेजारी उभं राहून पाठीवर थाप मारता येईल एवढं. निवृत्तीनंतर बायको गेली आणि काका मेलबर्नला मुलीकडे आले. मुलगी वैशाली इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या घरामागच्या एका खोलीच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये काका राहायचे. रंगाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं श्वास घेतल्यामुळे फुप्फुसं खराब झाली होती. चार वाक्यांनंतर त्यांना थांबावं लागायचं. पण ती चार वाक्यं समोरच्याला पुरायची.

शहरातल्या मॉडेलवाल्यांचा एक क्लब होता, तिथे वर्षभरात ते परीक्षक झाले. गोरे म्हातारे त्यांना 'सार्ज', म्हणजे सार्जंट, म्हणायचे. कुणी नवीन जेट टेबलावर ठेवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "टाकी भरलेली की रिकामी?" लोक आधी हसायचे. मग काका समजावायचे की इंधन भरलं की विमानाचे पाय दबतात, पोट जमिनीकडे येतं. रिकामं विमान ताठ उभं राहतं. तुमचं विमान कुठल्या वेळचं आहे हेच तुम्हाला ठाऊक नसेल, तर ते बरोबर की चूक हे मी काय सांगू? हाच प्रश्न ते माणसांनाही विचारायचे. एकदा मी क्लबात कुणावर तरी तावातावानं ओरडत होतो, तर मागून आवाज आला, "शेठ, टाकी भरलेली की रिकामी? जेवला का तू?" मी जेवलो नव्हतो. राग दुप्पट झाला.

क्लबात काकांचा एकच खरा मित्र होता, रॉन. निवृत्त ट्रामचालक. दोघं मिळून एक नॅट बनवत होते, एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात. हात रॉनचे, आठवण काकांची. रॉनच्या गॅरेजमध्ये काका स्टुलावर बसून सांगायचे आणि रॉन कापायचा. कोविड आला त्याच सुरुवातीच्या दिवसांत रॉन हृदयविकारानं गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, त्यात काकांचं नाव नव्हतं. त्यांनी तो लॅपटॉपवर बघितला. मधेच चित्र गोठलं आणि परत आलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक मॉडेलवाल्याकडे न बनवलेल्या किटांचा ढीग असतो. हयातभर घेत राहतात, बनवणं होत नाही. माणूस गेला की बायको तो ढीग कुणाला तरी देऊन टाकते, आणि पुष्कळदा तो कुणीतरी मी असतो. मी भाव पाडून घेतो, ते लपवत नाही. रॉनची बायको मार्गारेट हिनं मला आपणहून फोन केला होता, मी तिच्या दारात उभा राहिलो नव्हतो. पहिल्या लॉकडाउनला जरा सूट मिळाली तसा गेलो आणि सगळं गॅरेज उचललं. त्यात अर्धवट जोडलेली विमानंही होती. ती मी एकगठ्ठा विकून टाकली.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला.

"शेठ, रॉनच्या गॅरेजात गेलता म्हणते."

"हो. मार्गारेटनं बोलावलं."

"रॉन गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात?"

"तिनं बोलावलं तेव्हा गेलो. मी काय मुहूर्त काढून जायचं?"

"गिधाडाले बोलवा लागत नाही शेठ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही. मला लोकांनी लबाड म्हटलेलं आहे, कंजूष म्हटलेलं आहे, ते मी हसून घेतो. पण गिधाड! आणि क्लबातल्या प्रत्येकाच्या मनात माझ्याबद्दल तेच आहे, हेही मला त्या दिवशी कळलं. मी विकणारा, ते बनवणारे. मी ठरवलं की मी बनवून दाखवणार. तेही नॅटच, म्हातारा ज्यात एक खिळा चुकीचा काढू शकणार नाही असं. आणि क्लबच्या वार्षिक स्पर्धेत त्याच्याच हातून पहिला नंबर घेणार.

हिवाळ्यात दुसरा लॉकडाउन लागला. दुकान बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, व्यायामाला एक तास बाहेर. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार महिने नॅट बनवत होतो. दोन किटं वाया घालवली. जोड दिसू नयेत म्हणून पुट्टी भरली, घासली, परत भरली. कॉकपिटमधलं प्रत्येक घड्याळ भिंगाखाली रंगवलं. इतकं मन लावून मी कधी काही केलेलं नव्हतं. शेवटी चाकांचा एक पाय चौकटीतून कापताना मोडला. रॉनच्या मालातल्या एका औषधाच्या डबीत नॅटचे तीन तयार पाय होते, पितळी तार घालून सुबक केलेले. डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं ३१.२५ लिहिलेलं होतं. ते काय, याचा मी विचार केला नाही. पाय बसवले आणि पुढे गेलो. पैसे दिलेला माल माझा, एवढंच मला माहीत होतं.

स्पर्धा फोटोंवरून होणार होती. नियम असा की एक फोटो बरोबर बाजूनं, लांबून काढायचा आणि शेजारी स्टीलची पट्टी उभी करायची, म्हणजे परीक्षकाला पडद्यावर मापं घेता येतील. मी चाळीस फोटो काढून त्यातले सहा पाठवले. आठवड्यानं क्लबचा सेक्रेटरी बॅरी याची ईमेल आली. 'सॉरी मेट' अशी सुरुवात वाचूनच माझ्या कानशिलात रक्त चढलं. सोबत काकांच्या हातचं गुणपत्रक होतं. गुणांचे सगळे रकाने मोकळे. खाली एकच ओळ होती: स्पर्धेबाहेर. स्वतःचं काम नाही.

चार महिने! मी काकांना सात फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. मग वैशालीला लावला.

"प्रकाशदादा, मी आत्ता शिफ्टवरून आलेय," ती म्हणाली. "प्लीज, भांडायचं असेल तर फोनवर भांड."

"ते फोन घेत नाहीत. मला समोरासमोर विचारायचंय."

"मी कोविड वॉर्डला आहे. मी स्वतः बाबांना तीन आठवडे खिडकीच्या काचेतून बघतेय, जेवणाचा डबा पायरीवर ठेवते. त्यांची लंग्ज कशी आहेत तुला माहितीये. त्यांना काही झालं ना, तर..." मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "रोज चारला ते तळ्याच्या पार्कमध्ये चालायला जातात. दीड मीटर लांब राहा. मास्क काढू नकोस. आवाज चढवू नकोस."

"पहिल्या दोन गोष्टी नक्की," मी म्हणालो.

ते पार्क माझ्या पाच किलोमीटरच्या रेघेवर अगदी शेवटचं होतं, काकांच्या रेघेत आरामात बसणारं. मी नॅटचा खोका घेऊन पोचलो तेव्हा काका बाकावर बसले होते. मास्क, डोक्यावर जाड टोपी. वसंतात मॅगपाय पक्षी पिल्लांपायी माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून इथे सगळेच टोपी घालून फिरतात. मी खोका बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, विमान बाहेर काढलं आणि मागे सरकलो.

"बघा. फोटोत नाही, डोळ्यांनी बघा. आणि सांगा यात काय चुकलंय."

काका उठले. हात मागे गेले. ते वाकले आणि इतका वेळ बघत राहिले की मला माझाच श्वास मास्कमध्ये गरम लागायला लागला.

"काही नाही चुकलं," ते म्हणाले.

"मग?"

"हे पाय कोणी कापले?"

"मी."

"काऊन कापले?"

मला वाटलं, हा सौदा आहे, इथे थांबलो तर मेलो. "ड्रॉइंग बघून. किटचे पाय उंच होते."

"कोणतं ड्रॉइंग?"

"इंटरनेटवर मिळालं."

"असं कोणतंच ड्रॉइंग नाही शेठ." ते थांबले, दम घेतला. "किटचे पाय लावले तं पंखाची मागची कड पट्टीवर साडेतेहतीसला येते. सगळ्यांच्या ड्रॉइंगात तेवढीच आहे, रिकाम्या टाकीची. साडेतेहतीस गुणिले अठ्ठेचाळीस. एकशे एकसष्ट सेंटिमीटर. मी एकशे साठ. म्हणजे मी त्या पंखाखालून शिट्टी वाजवत गेलो असतो." त्यांनी टोपी काढली. कपाळावर, केसांच्या जरा खाली, एक जुना पांढरा आडवा व्रण होता. "नाही गेलो. सायरन झाला होता, टाकी पूर्ण भरलेली, मी पळत होतो. पंखाच्या कडेनं हे दिलं. सात टाके. जमिनीपासून बरोबर दीड मीटर. सरकार आता सांगून राह्यलं दीड मीटर, मले त्या विमानानं तेव्हाच सांगितलं होतं. आता भागिले अठ्ठेचाळीस. तू तं हिशेबाचा पक्का."

हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. ती सवयच आहे. सव्वा एकतीस. आणि उत्तराबरोबर ती औषधाची डबी दिसली, झाकणावरचा पेन्सिलीतला आकडा दिसला.

"हे माप जगात दोनच माणसाले ठाऊक होतं," काका म्हणाले. "एक मी. तुह्या विमानात चूक असती ना शेठ, तं मी तुले पहिला नंबर दिला असता."

मी चूक कबूल करायला हवी होती. मी ओरडलो. "तीन काड्या आहेत त्या! बाकी सगळं मी केलंय! कॉकपिट, रंग, सांधे. माझ्या डोळ्यांची वाट लागली, आणि तुम्ही तीन काड्यांसाठी मला चोर ठरवता? नको मला तुमच्या त्या मित्राचे पाय!" आणि विमान उलटं करून अंगठ्यानं तिन्ही पाय मोडले आणि गवतात फेकले. कट, कट, कट असा आवाज झाला. तो मला अजून ऐकू येतो.

काकांनी गुडघे टेकले, हात पाठीमागून काढले आणि गवतात चाचपू लागले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे हात नीट दिसले. दोन्ही हात थरथरत होते. जरासे नाही, चांगले थडथड हलत होते. गवताची पाती त्यांच्या बोटांखाली हलत होती. कुठल्याही टेबलावर, कुठल्याही नाजूक विमानाजवळ ते हात नेता येणार नाहीत. इतकी वर्षं मी ज्याला शिष्टपणा म्हणत होतो तो हा होता.

मीही खाली बसलो. दोन पाय सापडले, तिसरा सापडेना. आम्ही दोघं डोकी जवळ आणून गवत शोधत होतो. काकांचा मास्क हनुवटीवर उतरला होता आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. कुत्रा फिरवणारी एक बाई लांबूनच ओरडली, "डिस्टन्स, गाइज!" मी दचकून मागे सरलो. वैशालीचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं.

तिसरा पाय काकांनाच सापडला. तिन्ही पाय त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले, वर रुमाल ठेवला. बाकाला धरून उठले.

"बाकीचं विमान कुठं आहे?"

"कुठलं?"

"रॉनचं. मले वाटलं होतं ते मार्गारेटनं काचेत ठेवलं. फोटोत पाय पाह्यले तेव्हा समजलं."

"विकलं," मी म्हणालो. "कालगुर्लीला, पार पश्चिम ऑस्ट्रेलियात. खाणीत इंजिनिअर आहे, पुण्याचा देशपांडे म्हणून. अर्धवट माल सगळा त्यानंच घेतला."

काका तळ्याकडे बघत म्हणाले, "मले ते पायजे, शेठ." त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिलंच.

पुढचे चौदा दिवस मी रोज सकाळी वैशालीला मेसेज करायचो, काका कसे आहेत? ती लिहायची, ठीक. का विचारतोयस? मी सांगितलं नाही. मला खोकला आला तरी मी थर्मामीटर शोधायचो. पंधराव्या दिवशी तिला सगळं सांगितलं, आणि ती जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

मधल्या काळात देशपांड्याला फोन केला. समोरच्याला वस्तू किती हवी आहे हे आवाजावरून ओळखणं, यावर मी आजवर पोट भरलेलं आहे. देशपांडेही त्यातलाच निघाला.

"अरे, ते नॅट ना? आहे इथेच, शेडमध्ये. मला काही अर्जंट नाही," तो म्हणाला. "पण क्लबच्या पेजवर तुझं नॅट पाहिलं, यार. मस्तच. तेच दे ना मला. स्वॅप करू. नो वरीज."

"त्याचे पाय मोडलेत."

"मग बसव की नवीन! घाई कुणाला आहे?"

मी आयुष्यात एकदाही पहिल्या बोलीला हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. फोन ठेवल्यावर टेबलावरच्या त्या बिनपायांच्या विमानाकडे बघत बसलो. चार महिने, आणि ते कालगुर्लीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाणार. पण जायच्या आधी मला एक गोष्ट हवी होती.

मी नवीन पाय बनवायला घेतले, पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं. काका व्हिडिओ कॉलवर असायचे. "पट्टी वाचू नको, उभी कर आधी. तिरपी आहे. तिरप्या पट्टीवर सगळेच खरे असतात." पहिल्या खेपेला विमान एका बाजूला कललं. दुसऱ्या खेपेला नाक वर. "अबे, हे काय सलाम करून राह्यलं?" तिसऱ्या खेपेला विमान तिन्ही पायांवर उभं राहिलं आणि मी ते घेऊन निघालो. तोवर पाच किलोमीटरचा नियम उठला होता.

ग्रॅनी फ्लॅटच्या खिडकीबाहेर कट्टा आहे. तिथे विमान आणि पट्टी ठेवली आणि मी मागे झालो. काका आतून काचेजवळ आले. हात मागे. वैशाली मागच्या दाराच्या पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसली होती. माझ्याशी बोलत नव्हती, पण उठून आतही गेली नव्हती.

"टाकी भरलेली की रिकामी?" काचेतून आवाज दबका आला.

"भरलेली."

ते बघत राहिले. मी मॅट्रिकच्या निकालाला एवढा घाबरलो नव्हतो.

"पाऊण," ते म्हणाले. "पावणेबत्तीसला आहे कड. अर्धा मिलिमीटर जास्त. म्हणजे एकशे बावन्न पूर्णांक चार. तुह्या नॅटनं मले केसात मारलं असतं शेठ, कपाळावर नाही."

"अर्धा मिलिमीटर, काका!"

"कपाळ आणि केस यात तेवढंच असते. तिसरा नंबर."

"बाबा!" वैशाली म्हणाली.

पण ते टेबलाशी गेले होते. थरथरत्या हातानं गुणपत्रकावर बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मग त्यांनी कागद आतून काचेला चिकटवून धरला. तिसरा नंबर, आणि शेवटच्या ओळीत वाकडीतिकडी अक्षरं: स्वतःचं काम. मी तिसऱ्या नंबराबद्दल खूप वाद घातला. पहिला नंबर मिळालेल्या विमानाची चाकं फुग्यासारखी होती, हे मी त्यांना सप्रमाण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पडदा ओढला.

महिन्यानं कालगुर्लीहून खोका आला. रॉनचं नॅट अर्धवट रंगलेलं होतं, पोटाखाली तीन भोकं. काकांनी खिडकी उघडली, खिशातून ते तीन पाय काढून कट्ट्यावर ठेवले. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू लाव," ते म्हणाले. "मी सांगतो."

मोडलेल्या जागी मी नवी पितळी तार घातली. ते सांगत गेले, मी लावत गेलो. विमान उभं राहिल्यावर मी पट्टी उभी केली, तिरपी नाही. सव्वा एकतीस. काका कितीतरी वेळ वाकून बघत होते. मग त्या विमानालाच म्हणाले, "उतरलं बे, रॉन."

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. कोविडनं नाही, न्यूमोनियानं. शहर परत बंद होतं, अंत्यविधीला परत दहाच माणसं. वैशालीनं फोन केला. म्हणाली, "बाबांनी दहा नावांची यादी करून ठेवली होती. तू आहेस तिच्यात."

अंत्यविधीच्या हॉलमध्ये खुर्च्या दीड-दीड मीटरवर मांडल्या होत्या. पेटी उघडी होती. मी जवळ गेलो, हात कधी पाठीमागे गेले ते कळलं नाही, वाकलो आणि बघितलं. कोट नीट, टाय नीट, चेहरा शांत. आणि कपाळ गुळगुळीत. इथे मृताला तयार करतात, चेहऱ्यावर रंग लावतात. कुणीतरी फार मन लावून तो व्रण भरून काढला होता, आम्ही सांध्यात पुट्टी भरून घासतो तसा. जोड दिसत नव्हता.

मी त्या काळ्या सुटातल्या माणसाला म्हणालो, "हे चुकलंय."

तो नम्रपणे म्हणाला, काय चुकलंय, सर?

"कपाळ. हे त्यांचं कपाळ नाही. पुसा ते." माझा आवाज चढला होता. मागच्या खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. तो काहीतरी समजूत घालायला लागला, तसा मी आणखी चढलो. "मी सांगतोय ना, चूक आहे म्हणून!"

वैशाली उठून आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीनं त्याचं टोक भिजवलं आणि हळूहळू कपाळ पुसलं. रंग निघत गेला आणि खालून ती पांढरी रेघ वर आली, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सुईच्या जुन्या खुणा.

"आता?" तिनं विचारलं.

"आता बरोबर," मी म्हणालो.

ती जागेवर जाऊन बसली. मी अजून थोडा वेळ तिथेच वाकून उभा होतो. हिशेबाची सवय जात नाही, मी त्या खुणा मोजल्या. परत मोजल्या. टाके सहाच होते. ज्या माणसानं मला अर्धा मिलिमीटर सोडला नाही, तो आयुष्यभर सगळ्यांना सात सांगत आला होता.

माझ्या हाती त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं. मी सरळ झालो, आठव्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि गप्प राहिलो. अजूनही कुणी विचारलं, तर मी सातच सांगतो.